आढ्याखालचा त्रिकोण

इटलीला जाऊन मी भूकंपाचं काम शिकणार आहे हे ऐकल्यावर बाबा आधी मनसोक्त हसले. "भूकंप शिकाय तिकडं कशाला जातीस? त्यांनाच इकडं बोलव. अंगणात खाट टाकू, चहा पाजू, रोजचा भूकंप दाखवू." आई म्हणाली, "गप बस ना, पोरीचां कायतरी चांगलां झालां." मी हसल्यासारखं केलं. खरं तर कॉलेजच्या ईमेलमध्ये 'निवड' हा शब्द वाचल्यापासून मी घाबरले होते, आणि पुढे अख्खा पावसाळा ती भीती माझ्याकडेच मुक्कामाला राहिली.

मी मुंबईच्या एका कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत परदेशातल्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप करायची, सगळा खर्च तिकडचं विद्यापीठ करणार, अशी ती योजना होती. अर्ज मी कोणालाही न सांगता भरला. उत्तर आलं नाही तर कोणाला काही सांगावं लागणार नाही, हा हिशोब. उत्तर आलं आणि पंचाईत झाली.

आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. भात आणि नागली पिकते, बाकीचं पोट वापी-भिलाडच्या मजुरीवर चालतं. गेली काही वर्षं आमच्याकडे जमीन हलते. इमारती कोसळतील इतकी नाही. पेपरात एखादी ओळ येते, मुंबईला पत्ताही लागत नाही. पण आमचे धक्के आवाज करत येतात. आधी खालून धडाड होतं, डोंगरात सुरुंग उडवावा तसं, आणि लगेच मांडणीवरची भांडी वाजायला लागतात. कधी महिनोन्महिने काही नाही, कधी एका दिवसात इतके की लोक मोजायचं सोडून देतात. सुरुवातीला सरकारनं तंबू दिले, शाळेत मुलांना बाकाखाली बसायला शिकवलं. बाकाखाली बसायचं शाळेतच राहिलं. पाड्यावर आमची रीत वेगळी पडली: आवाज आला की चप्पल शोधायची नाही, विचार करायचा नाही, जवळ जो असेल त्याचा हात धरायचा, "भायेर!" म्हणून ओरडायचं आणि अंगणात यायचं. मग पाड्यावरचं मोठं माणूस एकेका घराला हाक मारून विचारतं, "समदे आले का?" प्रत्येक घराची 'हो' आल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही.

बाबा गवंडी आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या आणि मधल्या सुट्ट्यांत, सणावाराच्या खाड्यांत, आमचं पक्कं घर उभं केलं. विटेच्या भिंती, वर कौलं, बाहेरून पोपटी रंग. हा रंग कोणी निवडला यावर आई-बाबांचं अजून एकमत नाही. दोघंही म्हणतात, मी नाही. त्याआधी आम्ही कुडाच्या घरात राहायचो. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप. पक्कं घर झालं आणि त्या कुडात शेळ्या आणि भाताची कणगी गेली. मी सिव्हिल घ्यावं हेही बाबांचंच. साईटवर इंजिनिअर येतो, कोणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरतं, तो बोट दाखवतो आणि बांधलेली भिंतसुद्धा पाडावी लागते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आपल्या घरात एक तसं बोट असावं असं त्यांना वाटलं असणार.

तर असं हे घर, आणि धक्के सुरू झाल्यापासून आम्ही त्यात राहत होतो पण धड झोपत नव्हतो. उन्हाळ्या-हिवाळ्यात अंगण बरं. पावसाळ्यात तंबू, आणि तंबू फाटत आला तसं कधी आत, कधी पडवीत, कधी नुसतंच बसून. त्या वर्षी तंबूच्या चिंध्या झाल्या होत्या. मी निघायच्या आधी बाबा ओट्यावर बसून माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडं मोठी माणसां असतील. त्यांना विचार. पाऊस लागला की आम्ही घरात झोपू का नको, एवढां विचारून सांग." माझ्या इंटर्नशिपच्या कागदांवर लांबलचक इंग्रजी विषय छापला होता. खरा विषय हा होता.

चाकांची बॅग घ्यायला बाबा माझ्याबरोबर डहाणूला आले. दुकानात त्यांनी बॅग उलटी करून चाकं फिरवून बघितली, साईटवरची ढकलगाडी बघतात तशी, आणि दुकानदाराला गुजरातीत सांगितलं की हिचं एक चाक रडतंय, दुसरी दे. आईनं नरपडच्या कोळणीकडून सुके बोंबील आणले आणि पिशवीत पिशवी घालून बांधले. विमानतळावर कुत्रे वास घेतात हे मी ऐकलं होतं. निघताना मी ते हळूच कणगीमागे ठेवून दिले आणि मुंबईपर्यंत चोरासारखी बसून राहिले.

ज्या गावी गेले तिथे भाताची शेतं होती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बसच्या खिडकीतून पाणी भरलेली खाचरं दिसली, त्यात पांढरे बगळे, आणि माझे डोळे भरून आले. पण आनंदानं नाही. एवढ्या लांब येऊन आपलंच काहीतरी समोर दिसावं आणि तिथे आपलं कोणी नसावं, याची मला भीती वाटली. प्रयोगशाळा त्या शेतांच्या कडेला होती. आत एक भलामोठा लोखंडी तक्ता, त्याखाली तेलाच्या दाबावर चालणारे दांडे. तक्त्यावर खरं घर बांधायचं आणि मुद्दाम भूकंप आणून हलवायचं. त्या उन्हाळ्यात तिथे विटांचं एक छोटं घर बांधलेलं होतं. माझं काम भिंतीवर पांढरे गोल चिकटवण्याचं. कॅमेरे त्या गोलांकडे बघून भिंत किती हलली ते सांगतात.

मी सगळ्याला घाबरायचे. तिथे भेटल्यावर आणि निघताना एकच शब्द म्हणतात, 'च्याव', त्यामुळे समोरचा आला आहे की चालला आहे हे मला कळायचं नाही आणि मी दोन्ही वेळा उभी राहायचे. इंग्रजी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. खोलीवर टेबलावर पाण्याचा ग्लास भरून ठेवायचे आणि दर थोड्या वेळानं पाणी हलतंय का बघायचे. खाट ओढून दाराजवळ घेतली होती. मोबाईल हातातून सुटायचा नाही. तलासरी, डहाणू आणि धक्का हे तीन शब्द टाकून मी दिवसभर बातम्या शोधायचे. काही नाही मिळालं की वाटायचं, नेटवर्क गेलं असेल. प्रयोगशाळेत लोखंडी टोकाचे बूट घालावे लागायचे. मी नाड्या बांधायचे नाही. तिथे पीएचडी करणारा एक मुलगा मला रोज सांगायचा, "नाड्या बांध, पडशील." मी बांधायचे आणि तो गेला की सोडायचे. तसल्या जड बुटांत पळता येत नाही आणि बांधलेल्या बुटातून पाय पटकन निघत नाही, हे त्याला कसं समजावणार?

आणि बाबांचा प्रश्न मी विचारत नव्हते. रोज सकाळी ठरवायचे, आज विचारते. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, भराभर चालणाऱ्या. त्या समोरून आल्या की मी खाली वाकून गोल चिकटवायला लागायचे. प्रश्न अडाणीपणाचा वाटेल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती उत्तराची होती. घरी फोन केला की बाबांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "विचारलां का?" मी म्हणायचे, "नाय अजून, त्या कामात हायत." एकदा ते म्हणाले, "कामात हायत म्हंजे किती कामात? जेवत नाय का बाई?" मग एक दिवस आईनं सांगितलं, "लागला पाऊस. तंबू गेला उडून. आत झोपतो आम्ही." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग ती सकाळ आली. विटांच्या घराची मोठी चाचणी होती, कुठल्या तरी कार्यालयातून पाहुणे बघायला आले होते. सगळे कठड्यामागे उभे, डोक्यावर हेल्मेट, बाई माझ्या शेजारी. तक्ता अजून सुरू व्हायचा होता. पाठीमागे क्रेनचा माणूस एक लोखंडी वजन खाली ठेवत होता. ते शेवटच्या वितीला सुटलं आणि जमिनीवर आदळलं. धडाड! आवाज खालून आल्यासारखा आला.

पुढचं मी केलं असं म्हणणं खरं नाही, ते माझ्या पायांनी केलं. मी "भायेर!" म्हणून किंचाळले, शेजारच्या बाईंचं मनगट पकडलं आणि पळाले. समोर संकटकाळी उघडायचं दार होतं, ते ढकललं, तशी सगळ्या इमारतीत घंटा वाजायला लागली. बाई धडपडत माझ्यामागे. एक बूट आतच राहिला. अंगणात आले, बाईंना मोकळ्या जागी उभं केलं आणि दाराकडे वळून ओरडले, "समदे आले का?"

घंटेमुळे लोक खरंच बाहेर येत होते. पाहुणे, क्रेनवाला, तो पीएचडीवाला, हातात माझा बूट घेऊन. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कोणी हो म्हणत नव्हतं. तेव्हा मला कळलं की आपण कुठे आहोत. घंटा वाजली की तेलाचा पंप आपोआप बंद पडतो आणि तो पुन्हा तापवून चाचणीला तयार करण्यात अर्धा दिवस जातो. पाहुणे जेवायला निघून गेले. माझं धाबं दणाणलं होतं. बूट घालून मी त्या उन्हात उभी राहिले आणि परतीच्या तिकिटाचा विचार करू लागले. घरी काय सांगायचं, हेही जुळवायला लागले होते.

बाईंनी मला खोलीत बोलावलं. मनगट लाल झालं होतं, त्या ते चोळत होत्या. "तू पळालीस हे मला समजलं," त्या म्हणाल्या. "मला का ओढलंस?"

"जवळ तुम्ही होतात," मी म्हणाले. दुसरं कारण नव्हतंच.

मनगट चोळायचं त्यांनी थांबवलं. मग खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बस. सांग." मी सांगत गेले. इंग्रजी कसं आलं कोण जाणे. आवाज, अंगण, हाका, उडालेला तंबू. आणि शेवटी, इतके दिवस गिळून ठेवलेला प्रश्न: पाऊस आहे, माझे आईवडील घरात झोपले तर चालेल का?

"घर दाखव," बाई म्हणाल्या.

माझ्याकडे एक फोटो होता. पोपटी घर, पुढे बाबा, धुतलेला शर्ट, हात दोन्ही बाजूंना ताठ. बाईंनी फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाबा खाली सरकत चौकटीबाहेर गेले. मला ते आवडलं नाही, त्यांना तसं बाहेर काढलेलं. बाई बघत होत्या त्यांच्या डोक्यावरचं. भिंत सरळ वर जाते आणि मग कौलांच्या दोन उतारांमध्ये आढ्यापर्यंत विटांचा एक त्रिकोण होतो, तो.

"खालच्या भिंतींचं मी इथून काही सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित बऱ्या असतील. पण हा वरचा त्रिकोण कशालाच बांधलेला नाही. नुसता उभा आहे. याच्यासाठी मला तिथे यावं लागणार नाही. तो उतरवायचा, जागी पत्रा लावायचा. तोपर्यंत त्याच्याखाली कोणी झोपायचं नाही." मग दाराकडे बोट करून म्हणाल्या, "आम्ही तिथे तेच बांधलंय. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी बघितलं. तक्ता हलला, खालच्या भिंतींना बारीक चिरा गेल्या, आणि वरचा त्रिकोण एकदा पुढे झुकला, एकदा मागे, झोप आलेल्या माणसाच्या मानेसारखा. तिसऱ्यांदा झुकला तो परत आलाच नाही. विटा आतल्या बाजूला पडल्या. मी पळाले नाही, कठडा धरून राहिले. पीएचडीवाला खुशीत येऊन म्हणाला, "हिशोबात होतं तसंच पडलं!" त्याला एक ठेवून द्यावी असं मला वाटलं. त्याची काही चूक नव्हती. त्याच्या घरातलं कोणी त्या विटांखाली झोपत नव्हतं.

फोन लावायला मी संध्याकाळपर्यंत टाळाटाळ केली. तिकडे पाऊस जोरात असावा, बाबांच्या आवाजामागे कौलं वाजत होती.

"बाबा, विचारलां."

"हां. बोल."

"खालच्या भिंती बऱ्या असतील म्हणाल्या. पण आढ्याखालचा तो त्रिकोण हाय ना, तो धोक्याचा हाय. उतरवाय लागंल. तवर तुम्ही कुडात झोपा, काठ्यांच्या भिंती पडल्या तरी लागत नाय."

"कुडात शेळ्या हायत."

"शेळ्या पडवीत बांध."

"पक्क्या घराच्या पडवीत शेळ्या नि माणसां कुडात. चांगली शिकलीस." मग जरा थांबून, "बाईनं माझी भिंत बघली कुठं?"

"फोटोत."

"फोटोत," ते म्हणाले. "वीट मी लावलीय, पोरी. ओळंबा मी धरलाय. केसभर वाकडी नाय ती."

"सरळच हाय, बाबा. सरळ भिंतपण पडते."

हे मी बोलायला नको होतं की बोलायलाच हवं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. फोन आईच्या हातात गेला आणि पावसाचा आवाज तेवढा येत राहिला.

त्यानंतर ते फोनवर यायचेच नाहीत. आईनं शेळ्या हलवल्या, कुडात जागा केली, तिथे झोपायला लागली. बाबा पक्क्या घरातच. "घर एकटां टाकत नाय म्हणतो," आई म्हणाली. मी चिडले, रडले, नाही नाही ते बोलले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली करून सांगितलं, "त्याला माहीत हाय. खालच्या भिंतींना मी हंडे वाहून वाहून पाणी मारलां. वरचां काम आलां तवा मे महिना, विहीर आटलेली. प्यायलाच नव्हतां, भिंतीला कुठून घालणार? वर पाणी लागलांच नाय. तू त्याला बोलू नको यातलां काय."

नव्या बांधकामाला रोज पाणी मारावं लागतं, तरच सिमेंट धरतं. हे मला कॉलेजात परीक्षेसाठी पाठ करायला लावलं होतं. बाबांना ते माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत होतं. म्हणजे ते रोज काय जाणून त्या भिंतीखाली आडवे होत होते? विचारायची सोय नव्हती. मी पांढरे गोल चिकटवत राहिले, ग्लासातलं पाणी बघत राहिले. एकदा बातमी आलीच, डहाणू-तलासरी भागात धक्का. सगळ्यांचे फोन बंद. मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, शेजारणीनं भिंतीवर ठोकून गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन लागला तो चक्क बाबांनी उचलला. "काय नाय झालां," ते म्हणाले. "भिंत उभी हाय." आणि ठेवून दिला. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला त्यांचा इतका राग आला की हातातला फोन आपटायचा बाकी राहिला.

इंटर्नशिप संपली. निघताना बाईंनी मला स्वतःच्या हातानं काढलेली आकृती दिली: त्रिकोण कसा उतरवायचा, आढ्याला टेकू कुठे द्यायचा. मी विमानात ती मराठीत करून पाठ केली. काय बोलायचं, आधी काय, मग काय, बाबा चिडले तर काय. अख्खं भाषण तयार केलं.

डहाणू स्टेशनवर बाबा छत्री घेऊन उभे होते. बॅग त्यांनी माझ्या हातातून घेतली, चाकं असूनही खांद्यावर टाकली. जीपमध्ये सगळ्यांना सांगितलं, "इटलीवरनं आली." घोलवडच्या एका बाईनं विचारलं, तिकडे चिकू मिळतात का, तर म्हणाले, "कुठले? तिकडं नुसते भूकंप." लोक हसले, मीही हसले. पण भिंतीबद्दल घरापर्यंत एक शब्द निघाला नाही.

घरी आले तर आईनं केलेली नागलीची भाकरी आणि तेच कणगीमागचे बोंबील. मी कुठे ठेवले होते ते तिला पहिल्याच दिवशी सापडलं होतं म्हणे. जेवण झाल्यावर बाबा म्हणाले, "थकलीस. पड जरा." आतल्या खोलीत त्यांनी माझ्यासाठी अंथरूण घातलं होतं. नवी चादर, उशीला नवा अभ्रा, पंखा माझ्या बाजूला फिरवलेला. घरातली सगळ्यात चांगली जागा. नेमकी त्या भिंतीला लागून. आईनं माझ्याकडे बघितलं आणि भांडी उचलून बाहेर गेली.

भाषण सगळं तयार होतं. पण एवढ्या लांबून आले होते, दमले होते, आणि त्या गुळगुळीत चादरीकडे बघून माझं डोकं असं काही फिरलं की भाषण बाजूला राहिलं. जाऊन आडवी झाले. शूर म्हणून नाही; मी पहिल्यापासून भित्री आहे. वर बघितलं. आतून चुना दिलेला पांढरा त्रिकोण थेट माझ्या तोंडावर होता. मी हात पोटावर ठेवले आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

बाबा उंबऱ्यावर बसून कोयत्याची मूठ बसवत होते. ठोकणं थांबलं. परत सुरू झालं, परत थांबलं. ते उठून आत आले, पंखा थोडा हलवला, बाहेर गेले. पुन्हा आले. ते वर बघत होते, मग माझ्याकडे, मग वर.

"तिथं नको," ते म्हणाले.

"का?"

"नको म्हणतो ना. ऊठ."

"तू तर रोज झोपतोस."

"माझां वेगळां," बाबा म्हणाले, आणि मी उठायच्या आधीच उशी ओढून घेतली. अंथरुणाची गुंडाळी करून, डोक्यावर धरून, ते पावसातून कुडाकडे चालायला लागले. मी मागून गेले. रात्री तिघंही कुडात झोपलो.

काही दिवसांनी उघडीप मिळाली. बाबांनी कोणाला न विचारता कामाचा खाडा केला. आढ्याला आतून सागाचे दोन टेकू दिले, माझी आकृती न बघताच, आणि बरोबर जागी. कडेची कौलं उतरवून आईकडे दिली. शिडी लावली, हातोडी आणि छिन्नी कमरेला खोवली आणि शिडीच्या पहिल्या पायरीवरून माझ्याकडे वळून विचारलं, "कुठवर उतरवू?"

मी बोट दाखवलं. "कौलांचा उतार जिथनं सुरू होतो, त्या रेघेपर्यंत." माझ्या डोक्यावर छत्री कोणी धरलेली नव्हती.

ते वर चढले. आधार म्हणून डावा हात त्यांनी टोकाच्या विटेवर ठेवला, उजव्या हातानं हातोडी काढायला गेले, आणि वीट डाव्या हातात निघून आली. हातोडी लागलीच नाही. मागून कोरडा भुगा रव्यासारखा खाली सांडला. त्यांनी ती वीट शिडीवर ठेवली, शेजारच्या विटेला नुसतं बोट लावलं. तीही सुटली. आई कौलं रचायची थांबली.

बाबांनी आमच्याकडे बघितलं नाही. तयार झालेल्या भोकातून ते आत, खाली, जमिनीकडे बघत होते. मला काहीतरी बोलायचं होतं, पाणी नव्हतं त्याला तू काय करणार, असं काहीतरी. पण मी नुसती शिडी धरून राहिले.

"ह्याच्याखाली," ते म्हणाले, "तुझां अंथरूण घातलेलां मी."